घोटाभर पाणी

कौतिकाबाई रामटेके. दुसरं काही लिहिण्याआधी मला हे नाव लिहायचं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आज बालाघाटला पाण्याचे नमुने तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. इथवर येताना ज्यांनी हात दिला त्यांची यादी लांब आहे, त्यात गुरुजी आहेत, कॉलेजातले सर आहेत, माझे आईवडील तर आहेतच. पण त्या यादीतलं पहिलं नाव अशा बाईचं आहे, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी तिच्या नातीचा, प्रतीक्षाचा फोन आला. ती हिंदीत शिकलेली, हिंदीतच म्हणाली, "भैया, आजी चली गई." माझ्या हातात कुठल्याशा विहिरीच्या पाण्याची बाटली होती. ती मी जागेवर ठेवली, साहेबांना सांगितलं आणि आमच्या गावाकडच्या, लालबर्ऱ्याच्या बसमध्ये बसलो. गावात पोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू होती. अंगणात माणसं बरीच होती, आणि त्यांच्या पुढे, अगदी पुढे, सात-आठ लहान मुलं उभी होती. त्यांना मागे सारायचं कुणाच्या मनात आलं नाही. ही मुलं तिची कोण, असं एका पाहुण्यानं मला विचारलं. सांगायला बसलो असतो तर फार वेळ लागला असता... म्हणून आता लिहितो आहे.

मी तिसरीत होतो तेव्हाची गोष्ट. वय आठ, पण उंचीनं पहिलीतल्या पोरांच्याही खाली. वर्गात मला सगळे टिल्ल्या म्हणत. रांगेत पुढे उभं केलं तरी हसत, मागे गेलो तर दिसायचोच नाही म्हणून हसत. माझे वडील लालबर्ऱ्याच्या राइस मिलमध्ये भट्टीत कोंडा टाकायचं काम करत. ते मला शाळेच्या फाटकापाशी सायकलवरून उतरवत आणि मी ते वळणावर दिसेनासे झाले की शेतातून घरी पळत असे. महिन्यातले दहा दिवस तरी असं चाले. त्याच सुमाराला शाळेत दुपारचं गरम जेवण सुरू झालं आणि ते शिजवायला कौतिकाबाई आली. सगळी मुलं तिला कौतिकामाय म्हणायची. आमच्या आळीतल्या काही घरांना तिच्या हातचं जेवण चालत नव्हतं. माझी आजी त्यातलीच. मी काय जेवलो ते घरी विचारू नये म्हणून मी आधीच खोटं सांगून टाकत असे. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

शाळेच्या मागे पन्नास पावलांवर नाला होता. शाळेतला हातपंप निम्मे दिवस बिघडलेला, त्यामुळे कौतिकामाय खिचडीचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, घासायला नाल्यावर जायची आणि आम्ही आपापली थाळी घेऊन तिच्या मागे. थाळी धुऊन झाली की अर्धा तास उरायचा. त्या अर्ध्या तासाचा तिनं जो उपयोग केला, तो मी पुढे शिक्षणशास्त्र शिकलेल्या माणसांना सांगितला तेव्हा त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं होतं.

पण आधी तिचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नियमावर उभं आहे. पाण्यात उतरण्याआधी ती सगळ्यांत लहान मुलाला काठापासून चार पावलं आत, ठरलेल्या जागी उभं करायची आणि स्वतः वाकून पाहायची. पाणी त्याच्या घोट्याच्या हाडाखाली असलं की सगळ्यांना परवानगी. हाड बुडालं की त्या दिवशी कुणीच उतरायचं नाही, मोठ्या पाचवीतल्या पोरांनीही नाही. काठीवर खूण करता आली असती, असं मी मोठेपणी तिला म्हणालो होतो. ती म्हणाली, काठीले थंडी वाजत नाही, काठी भेत नाही. ज्या मुलाला उभं करायचं त्याला ती 'माप' म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबली. मी मान खाली घातली. आता सगळे हसणार हे मला ठाऊक होतं, आणि हसलेच. पाचवीतला एक जण ओरडला की टिल्ल्या तर थाळीतच बुडंल. कौतिकामाय त्याच्याकडे वळली.

"तू बारा हात उंच असशीन रे बाबू," ती म्हणाली, "पण हा हौ म्हणन तवाच तुले पाण्यात जाता येईन. समजलं?"

नंतर मला म्हणाली, "चाल रे माप. सरळ उभा राह्य."

मी उभा राहिलो. पाणी गार होतं, तळव्याखाली वाळू सरकत होती, आणि काठावर साठ मुलं श्वास रोखून माझ्या पायांकडे पाहत होती. त्या दिवसानंतर मी शेतातून पळून गेलो नाही. मीच शाळेत नसेन तर खेळाचं काय होणार? माझ्या शिक्षणाची सुरुवात झाली ती अशी.

आणि खेळ तरी कसले! पळसाच्या पानाला बाभळीचा काटा टोचून नाव करायची आणि शर्यत लावायची; पण ज्याची नाव अडकली त्यानं ती कशामुळे अडकली हे सांगायचं, नुसतं हरलो म्हणून चालायचं नाही. वाळूचा बांध घालायचा आणि तो कुठून फुटेल ते आधी बोट ठेवून दाखवायचं. काठच्या ओल्या गाळात सकाळी कोण कोण पाणी पिऊन गेलं ते पावलांवरून ओळखायचं, बगळा, मुंगूस, कुणाची तरी शेळी. आमच्याकडे सापडणारा मँगनीजचा काळा जड दगड खडकावर घासून त्याच्या रंगानं चित्र काढायचं. एक खेळ अगदी गप्प बसायचा होता. पाय पाण्यात, डोळे मिटलेले, आणि नवा आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचं. सुरुवातीला माझी तीन बोटं उघडायची. पावसाळा संपता संपता दोन्ही हात पुरेनासे झाले. पाणी दगडाच्या वरून जातं तेव्हाचा आवाज वेगळा आणि खालून जातं तेव्हाचा वेगळा, हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही.

सगळ्यांत मोठा खेळ दगड उलटायचा. एकानं एकच दगड उलटायचा आणि पाहून झालं की जसा होता तसा, त्याच अंगावर परत ठेवायचा. कुणी उपडा ठेवला तर ती म्हणायची, "त्याच्या घरचे त्याले कुठं शोधतीन आता?" एकदा मी दगड उचलला तर त्याला एक बारीकशी काडी चिकटलेली दिसली, माझ्या नखाएवढी. मी ती टाकून देत होतो. कौतिकामायनं माझा हात धरला. माझी धुतलेली स्टीलची थाळी घेतली, तिच्यात ओंजळभर पाणी घातलं आणि ती काडी अलगद सोडली. म्हणाली, बसून राह्य. आम्ही बसलो. पाण्यातला गाळ खाली बसला, थाळीचा तळ चांदीसारखा लखलखीत दिसू लागला... आणि ती काडी चालायला लागली. एका टोकाकडून सहा बारीक पाय बाहेर आले, एक काळं डोकं आलं. ती काडी नव्हतीच. वाळूचे कण आणि काटक्यांचे तुकडे एकाला एक चिकटवून कुणीतरी स्वतःभोवती घर बांधलं होतं आणि ते घर अंगावर घेऊन ते थाळीभर हिंडत होतं. कौतिकामाय त्याला बिऱ्हाडी किडा म्हणायची. तिच्या आईनं सांगितलेलं नाव. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे, शाळेची घंटा झाली ती मला ऐकू आली नाही, आणि हाका मारून मला उठवण्याऐवजी ती शेजारी तशीच बसून राहिली. तिची चाळिशी उलटलेली. तो किडा तिनं हजार वेळा पाहिलेला असणार. पण मी वर पाहिलं तेव्हा तिचंही तोंड माझ्यासारखंच उघडं होतं.

त्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर वरच्या तलावाचं पाणी धानासाठी सोडलं. नाल्याला पाणी चढलं. चार दिवस मी रोज उभा राहिलो आणि चार दिवस घोट्याचं हाड बुडालं. थाळ्या काठावरूनच धुऊन सगळे परत. दुसऱ्या दिवसापासून पोरं माझ्यावर चिडू लागली. तुह्या घोट्यापायीच आमचा खेळ बुडून राह्यला, म्हणायची. एकानं तर मला सांगितलं की तुझे घोटेच खाली आहेत, देवानं चुकून लावले. ज्या गोष्टीनं मला वर्गात जागा मिळाली होती तीच आता माझ्या अंगावर येत होती. पाचव्या दिवशी पाणी गढूळ होतं. मी ठरलेल्या जागी गेलो आणि पायानं चाचपताना एक चपटा दगड लागला. मी त्याच्यावर उभा राहिलो.

कौतिकामाय वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं मान वर करून विचारलं, "नीट उभा हायेस ना बापू?"

मी म्हणालो, "हौ माय."

तिनं सगळ्यांना उतरू दिलं. छाया नावाची पहिलीतली मुलगी होती, बांधाकडे धावली. दोन-चार पावलं गेली असेल, तिचे पाय सुटले. पाण्यानं तिला लोळवत खालच्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळांपर्यंत नेलं. कौतिकामाय लुगड्यासकट पाण्यात पडली आणि तिला ओढून काढलं. छायाच्या कपाळातून रक्त येत होतं, ती खोकत होती, रडत होती, म्हणजे जिवंत होती. लालबर्ऱ्याच्या दवाखान्यात चार टाके पडले. संध्याकाळी तिचे आजोबा शाळेत आले, बरोबर पंधरा-वीस माणसं. काय काय बोलले ते मी लिहीत नाही. कौतिकामाय आमच्या आळीतली असती तर इतक्या लवकर इतकं कुणी बोललं नसतं, हे मला आता कळतं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. लुगडं अजून ओलं होतं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "माह्यं माप चुकलं. माह्या डोयानं घात केला."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. काहीही बोललो नाही.

तिचं काम गेलं नाही. पण नाला संपला. आता थाळ्या हातपंपावर धुवायच्या, पंप बंद असला तर घरी न्यायच्या. अर्ध्या तासात आम्ही व्हरांड्यात बसून पाढे म्हणायचो. लोक काही वर्षं तिला 'पोरं बुडवणारी' म्हणत राहिले, मग तेही विसरले. ती मला वाढताना नेहमीसारखीच पळीभर जास्त वाढायची. मी पाचवीनंतर लालबर्ऱ्याला गेलो, मग बालाघाटच्या कॉलेजात विज्ञान घेतलं. दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या सरांनी एक चित्र दाखवलं आणि विचारलं, हे कुणी पाहिलं आहे का. वाळूचं घर, सहा पाय, काळं डोकं. एवढ्या वर्गात एकट्या माझा हात वर होता. सर म्हणाले, हा जीव जिथं राहतो तिथलं पाणी स्वच्छ असतं, पाण्याची परीक्षा करायची एक रीत ही पण आहे. मी खाली बसलो आणि माझे डोळे भरून आले. ज्या बाईनं मला हे आठव्या वर्षी दाखवलं होतं ती त्या वेळी हातपंपावर गंज घासत असणार... माझ्यामुळे. आता जाऊन सांगावं, असं तेव्हा ठरवलं. परीक्षेनंतर सांगू म्हटलं. नोकरी लागल्यावर सांगू म्हटलं. नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता सरकारी माणूस म्हणून गावात मान आहे, आता कुठं हे काढायचं. लाज मुरली की तिचं कारण दर वर्षी नवं सापडतं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर आमच्या गावाचे नमुने घ्यायचे होते. मी नाल्यावर गेलो, बाटली भरली, सवयीनं एक दगड उलटून पाहिला. बिऱ्हाडी होते. आनंदानं तसाच कौतिकामायच्या घरी गेलो. ती सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत बसली होती, थकलेली, तरी ताठ. प्रतीक्षानं चहा केला. समोर गल्लीतली मुलं एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसली होती. मी सहज म्हणालो, माय, ह्या पोट्ट्यायले नाल्यावर काहून नेत नाहीस? आता कोण अडवते तुले?

तिनं मुलांकडे पाहिलं. म्हणाली, "मन तं लय होते रे. पण माह्यं माप चुकते बापू. एक डाव चुकलं, पुन्हा चुकन. दुसऱ्याच्या लेकराचा जीव हाये."

बावीस वर्षं मी समजत होतो की लोकांनी तिला नाल्यापासून तोडलं. तसं नव्हतंच. लोक केव्हाच विसरले होते. तिला तिच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास राहिला नव्हता, आणि तो माझ्या एका होकारानं गेला होता. मी चहा संपवला आणि उठलो. तेव्हाही मी बोलू शकलो नाही. बालाघाटला परत आलो आणि पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण फोन फक्त तिच्या कानात गेला असता. तिच्याकडे पत्र गेलं की ते कुणीतरी मोठ्यानं वाचणार, हे मला ठाऊक होतं, आणि त्यासाठीच मी ते टाकलं.

आठवड्यानं प्रतीक्षाचा फोन आला. आजीनं पत्र ऐकलं, रागावली का ते कळत नाही, तिला फक्त एक विचारायचं आहे, म्हणाली. मग कौतिकामायचा आवाज आला. "काबे, तो दगड कोणता होता?" मी सांगितलं, चपटा, तांबूस, काठाकडे उतरता. "तिथं तं असा दगड नव्हता," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "तलावाच्या पाण्यानं आणला असन." फोन ठेवला गेला. मला काय म्हणायचं होतं, क्षमा वगैरे, ते राहूनच गेलं.

त्यानंतरच्या रविवारी ती काठी टेकत नाल्यावर गेली, मागे गल्लीतली पाच मुलं. त्यात छायाच्या भावाची मुलगी होती. दिवाळीत मी गेलो तेव्हा मुलं बारा झाली होती. बावीस वर्षांनी ती बाई कुठंही न अडखळता त्याच जागी गेली, एका चिमुरडीला पाण्यात उभं केलं, आणि मग जे केलं ते पूर्वी कधी करत नव्हती. गुडघे टेकून बसली, पाण्यात हात घातला आणि त्या मुलीच्या दोन्ही तळव्यांखालून बोटं फिरवून पाहिली. तिथून माझ्याकडे पाहून हसली. म्हणाली, एवढा शिकला पण उंची काही वाढली नाही तुही, अजून माप होशीन. सगळी मुलं हसली, मीही हसलो. ऊन पाण्यावर पडलं होतं. तिचे हात पाण्याखाली मोठे दिसत होते, आणि त्या हातांवर ते इवलेसे पाय उभे होते. मी आजवर शेकडो ठिकाणचं पाणी पाहिलं, तपासलं. त्याच्याकडे पाहून हात जोडावेसे वाटले ते त्या एकाच वेळी.

त्या रविवारपासून पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत, एवढेच दिवस तिला नाला पुन्हा मिळाला. बावीस वर्षांच्या मानानं फार थोडे. ते आणखी दहा वर्षं आधी मिळाले असते, वीस वर्षं आधी मिळाले असते. मी तोंड उघडायचाच अवकाश होता. हे दुःख माझं आहे आणि ते कमी व्हावं अशी माझी इच्छा नाही. परत निघताना प्रतीक्षानं माझं पत्र माझ्या हातात दिलं. पुष्कळदा उघडून घड्यांवर फाटलं आहे. ते इथं देतो.

*

माय,

जय भीम.

हे पत्र तुले प्रतीक्षा वाचून दाखवत असन. प्रतीक्षा, हळू वाच, एकही शब्द सोडू नोको.

परवा तू म्हणाली का तुह्यं माप चुकते. मी चहा पिऊन निघून आलो. तोंडातून शब्द निघाला नाही, म्हणून लिहून राह्यलो.

माय, तुह्यं माप चुकलं नव्हतं. छाया पडली त्या दिवशी मी दगडावर उभा होतो. पाणी गढूळ होतं, तुले दगड दिसला नाही, कोणालेच दिसला नसता. तुले शंका आली होती. तू मले इचारलं, नीट उभा हायेस ना. मी हौ म्हणालो. पोरं मले चिडवून राह्यले होते म्हणून मी तसं केलं. लहान होतो, पण दगडावर चढून राह्यलो हे मले समजत होतं. संध्याकाळी लोक तुले बोलले तवा मी तिथंच होतो. तवाही समजत होतं.

तुह्या डोयानं पाणी घोट्याच्या खाली पाह्यलं ते बरोबर पाह्यलं. डोयानं घात नाही केला. मी केला.

मी छायाकडे, तिच्या सासरी हट्ट्याले जाऊन आलो, तिले सगळं सांगितलं. ती म्हणाली, मले तं एवढंच आठवते का पाणी लय थंड होतं अन् मायनं मले पोटाशी धरलं होतं.

मी माफी मागून राह्यलो, पण तू माफ करशीन का नाही ते मंग पाह्य. त्याच्या आधी एक काम हाये.

प्रतीक्षा, इथपर्यंत वाचलं असन तं आता उठ. अंगणात खाट टाक, आजीले तिथं बसव. शेजारच्यायले बोलाव, छायाच्या घरच्यायले बोलाव, ज्यायचे लेकरं लहान हायेत त्या सगळ्यायले बोलाव. माह्या माय-बापालेही बोलाव. अन् हे पत्र पयल्या ओळीपासून पुन्हा वाच. मोठ्यानं.

दिनेश